'सुरत' नावाची शिवी आणि कॅसेटींचं एक खोकं: ब्रिटनच्या संस्कृती मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
संस्कृती, प्रसारमाध्यमे व क्रीडा खाते, लंडन

माननीय महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. पोच येईल, पुढचं पुढे. आपल्या खुर्चीवरची माणसं इतक्या भराभर बदलतात की पत्र खुर्चीलाच लिहिलेलं बरं, म्हणून वर नाव घातलं नाही. मराठीत लिहितेय ते माझ्या माणसांसाठी. विषय आहे गिरणीगावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याचा, आणि ते जपायला वाचनालयांत कोणी उरलं नाही याचा. त्या गोष्टीत माझ्या माणसांचाही वाटा आहे, आणि तो त्यांना कोणी सांगितलेला नाही.

मी मूळची अमरावती जिल्ह्यातली. १९७४ साली नर्सिंग शिकायला इथे आले आणि मँचेस्टरच्या उत्तरेला, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी एका गिरणीगावात राहिले ती राहिलेच. गावाचं नाव लिहीत नाही. पुढची तक्रार त्या एका गावापुरती नाही, आणि ज्या गावाने मला सांभाळून घेतलं त्याला चारचौघांत नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

माझी नोकरी बहुतेक म्हाताऱ्यांच्या वॉर्डात गेली. पहिल्याच हिवाळ्यात रात्रपाळीला एका आजींनी मला हाताने बोलावलं. जवळ गेले तर त्यांचे ओठ मोठमोठे हलताहेत, तोंड पार कानापर्यंत फाकतंय, भुवया वरखाली होताहेत, पण आवाजाचा पत्ता नाही. मला वाटलं, झटका आला. धावत जाऊन सिस्टरला उठवून आणलं. सिस्टर हसायलाच लागली. "अगं, ती मी-मॉ करतेय. शेजारची झोपलीय ना!"

मी-मॉ म्हणजे साचेखात्यातली, गिरणीत जिथे साच्यांवर म्हणजे यंत्रमागांवर कापड विणत त्या खात्यातली, भाषा. एका छपराखाली शेकडो साचे धडधडत असायचे, तिथे कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळत नसे. म्हणून लँकेशायरच्या विणकर बायकांनी ओठांची आणि चेहऱ्याची एक बोलीच तयार केली. खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला गप्पा चालायच्या. आवाजाने कान गेलेल्या बायका म्हातारपणी तीच बोलत, आणि घरातल्या मुलांसमोर न बोलायच्या गोष्टीही त्यातच उरकत. आमच्या त्या आजींना फक्त बेडपॅन हवं होतं. पुढे मलाही थोडंफार जमायला लागलं. वॉर्डात डॉक्टरांच्या पाठीमागे त्याचा फार उपयोग होतो.

दुसऱ्या एका बाईंना पोटची मुलगी ओळखू येत नव्हती. पण "तुमचा डिव्ही नंबर काय?" असं विचारलं की पाच आकडे घडाघडा बाहेर पडायचे. को-ऑपच्या दुकानात किती खरेदी केली त्यावर नफ्यातला वाटा मिळे, त्याला डिव्ही म्हणत. आई पोराला पाव आणायला पाठवायची ती नंबर पाठ करून घेऊनच. याची सुरुवात शेजारच्या रॉचडेलला झाली. १८४४ च्या डिसेंबरात टोड लेनवर लोणी, साखर, पीठ, ओटचं भरड आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर दुकान उघडलं. आपल्याकडच्या सहकाराच्या पुस्तकांत याला 'रॉशडेल' म्हणतात आणि पहिल्या प्रकरणात घालतात. त्या दुकानाचं आज म्युझियम आहे, छान आहे. पण त्या पाच आकड्यांचं म्युझियम कुठे आहे?

असं ऐकून ऐकून १९८८ साली मी एक कॅसेट रेकॉर्डर घेतला. सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, चहा घ्यायचा आणि बटण दाबायचं. मागावर आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत ओढून काढायला त्याला तोंड लावून श्वास आत खेचावा लागे, त्याला विणकर बायका 'धोट्याचा मुका' म्हणत. एकीने ते ओठांनी करून दाखवलं आणि मग स्वतःचे झिजलेले पुढचे दात दाखवले. वेक्स वीकला, म्हणजे वार्षिक सुट्टीच्या आठवड्यात, सगळ्या गिरण्या एकदम बंद होत, अख्खं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर जाई, आणि धुराडी थंड पडल्यामुळे मागे राहिलेल्यांना समोरचा डोंगर नीट दिसे. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेन या लँकेशायरच्या गिरणीगावात आले होते. त्या गर्दीत उभ्या असलेल्या बाईंना त्यांचं बोलणं काहीच आठवत नव्हतं, फक्त उघडे पाय आठवत होते. "बिचाऱ्याला गारठा लागला असेल," म्हणाल्या. हिंदुस्थानातल्या विलायती कापडावरच्या बहिष्काराने त्यांच्या वडिलांचे साचे थांबले होते, तरीही.

आता शिवीबद्दल.

माझ्या घरामागच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. गिरणीत फिटर होते. एकदा मी बाजारातून स्वस्तातली छत्री आणली, ती दारातच उलटी झाली. ते बघत होते. म्हणाले, "सुरत आहे ती, फेकून दे." मी विचारलं, सुरत म्हणजे? "म्हणजे रद्दड. आमच्या घरात असंच म्हणतात. का, ते माझ्या आजोबांना विचारावं लागेल, आणि ते तर गेले."

मी वाचनालयात गेले. तेव्हा वरच्या मजल्यावर स्थानिक इतिहासाची खोली होती, आणि तिथे पगारी बाई होत्या. त्यांनी तासाभरात माझ्यापुढे कागद मांडले. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं आणि तिथला लांब धाग्याचा कापूस बंद झाला. १८६२ च्या हिवाळ्यात या भागातली जवळपास पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. मग मुंबईहून कापूस आला. पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्या कापसाला इथे सरसकट 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, त्यात पाला, सरकी, कधी खडेसुद्धा. यंत्रं अमेरिकन कापसासाठी जुळवलेली, त्यामुळे सूत सारखं तुटायचं. मजुरी नगावर, म्हणजे जितकं सूत तुटेल तितका पगार कमी. "देवा, कापूस पाठव, पण सुरत नको" अशी प्रार्थना तेव्हा केली गेली म्हणतात. सुरत म्हणजे भेसळ, हा अर्थ इतका रुळला की बियर गाळणाऱ्यांना 'सुरतवाले' म्हटल्यावरून १८६३ मध्ये बदनामीचा दावा कोर्टात गेला.

त्याच कागदांत लिव्हरपूलच्या बाजारभावाचे तक्ते होते. त्यात धारवाड होतं, हिंगणघाट होतं आणि 'ऊमरावटी' असं काहीतरी होतं. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं. ऊमरावटी म्हणजे अमरावती!

माझ्या आजोळी पऱ्हाटी होती. वेचणीच्या दिवसांत आजीच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी बारीक चिरा पडलेल्या असत, रात्री ती त्यावर गोडंतेल चोळायची. तिच्या आज्याच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, ही गोष्ट आमच्या घरात सांगत. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईतल्या शेअरवाल्यांचं दिवाळं निघालं, हे मी शाळेत शिकले होते. पण त्या पांढऱ्या सोन्याला दुसऱ्या टोकाला शिव्या घालत होते, आणि घालणारीही उपाशी होती, हे मला छत्रीमुळे कळलं.

महोदय, मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे. उपासमारीतही गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या इथल्या कामगारांना त्याने जानेवारी १८६३ मध्ये पत्र लिहिलं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरला आहे. योग्यच आहे. रॉचडेलच्या वर रूली मूरवर बेकार गिरणी कामगारांकडून घडीव दगडांचा रस्ता बांधून घेतला होता, त्याला 'कॉटन फॅमिन रोड', म्हणजे कापूस-दुष्काळाचा रस्ता, म्हणतात. मी त्यावरून चालले आहे. पावसात ते चिरे काळे चकचकीत होतात आणि पाय घसरतो. दगडाला आपल्या खात्यात वाली मिळतो. फिटरच्या तोंडातल्या एका शब्दाला कोण वाली?

तेवीस कॅसेटी भरल्यावर मी त्या वाचनालयाला दिल्या. प्रत्येकीवर नाव, तारीख आणि बोलणाऱ्याच्या परवानगीची चिठ्ठी होती. नंतर माझी निवृत्ती, यजमानांचं आजारपण, बरीच वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी त्या बाईंच्या नातवाने, ज्यांनी धोट्याचा मुका दाखवला होता त्यांच्या, आजीचा आवाज मिळेल का म्हणून विचारलं. मी गेले. खोलीच्या जागी आता कॉम्प्युटर आणि मीटिंगची टेबलं होती. स्थानिक इतिहास आठवड्यातून एक दुपार, तोही स्वयंसेवकांच्या भरवशावर. ते बिचारे माझ्याहून म्हातारे. चार खेपांनंतर खोकं तळघरात सापडलं. तळ ओला होता. चिठ्ठ्यांवरची शाई पसरून माझं अक्षर निळ्या डागांसारखं झालेलं, काही टेप एकमेकींना चिकटलेल्या, आणि ज्या चांगल्या होत्या त्या लावून बघायला इमारतीत यंत्र नव्हतं. कोणावर चिडणार? तिथे चिडण्यासारखं पगारी माणूसच उरलेलं नव्हतं.

म्हणून मी आपल्याकडे आले. १९६४ च्या वाचनालय कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. नगरपालिकांनी 'सर्वसमावेशक आणि कार्यक्षम' सेवा द्यायची, आणि त्यावर देखरेख मंत्र्यांनी करायची. दुसरं वाक्य आपल्याबद्दल आहे. २०१० नंतरच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये साडेसातशेहून जास्त वाचनालयं बंद झाली, त्यांतली इंग्लंडमधली या देखरेखीखालीच. जी उरली त्यांत गावाची आठवण सांभाळणं 'सर्वसमावेशक' मध्ये बसतं की नाही, हे आपल्या खात्याने एकदा कागदावर लिहून द्यावं. नगरपालिकेपुढे एका बाजूला वृद्धांच्या सेवेचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला इतिहासाची खोली ठेवली तर खोली जाणार. मी वृद्धांच्या वॉर्डात काम केलंय, मीही खोलीच बंद केली असती. हा निवड करायचा प्रश्न त्यांच्यापुढे येऊच नये, हे आपलं काम.

लँकेशायरातल्या क्लिदरोच्या किल्ल्यात वायव्य इंग्लंडच्या आवाजांचा, १९७९ ला सुरू झालेला, संग्रह होता, लाखाहून जास्त ध्वनिमुद्रणं. २०१५ ला तो बंद झाला आणि टेपा मँचेस्टरला गेल्या. वाचल्या, हे नशीब. ब्रिटिश लायब्ररीने राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून दहा केंद्रांत जुने आवाज डिजिटल करण्याचं मोठं काम केलं, तेही २०२२ ला संपलं. सगळं असंच चालतं. प्रकल्प येतो, तरुण मुलं माईक घेऊन येतात, केक खातात, प्रदर्शन भरतं, पैसे संपतात. म्हाताऱ्यांना वाटतं की आपलं बोलणं कुठेतरी जपून ठेवलंय.

आणखी एक. आमच्या रस्त्यावर पाकिस्तानकडच्या काश्मीरातल्या मीरपूरचे एक चाचा होते. मंगला धरणात त्यांचं गाव बुडालं, मग ते इथे येऊन गिरणीत वीस वर्षं रात्रपाळी करत होते. दिवसा तोच साचा एक गोरी बाई चालवायची. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण ती त्यांच्यासाठी साच्यावर खडूने खुणा करून जायची, कुठला धागा त्रास देतोय ते. तिची आठवण माझ्या खोक्यात 'स्थानिक इतिहास' म्हणून जमा झाली. चाचांची पंजाबीतली टेप मात्र 'अल्पसंख्याक समाज' अशा वेगळ्या फडताळात ठेवली होती. साचा एकच होता, महोदय. (गंमत म्हणजे ते फडताळ कोरडं होतं, त्यामुळे चाचांचा आवाज शाबूत आहे.)

माझी मागणी फार नाही. प्रत्येक गिरणीगावाच्या, खाणगावाच्या, बंदराच्या वाचनालयात एक पगारी माणूस, एक कोरडी खोली आणि जुन्या टेपा वाजवणारं एक चालू यंत्र. या पदाचा पैसा तीन वर्षांच्या प्रकल्पातून नको, कायद्यातून हवा. आणि त्या माणसाने गावात जी जी भाषा बोलली जाते ती एकाच यादीत नोंदवावी.

तेवीसपैकी नऊ कॅसेटी मी स्वखर्चाने वाचवून घेतल्या आहेत. धोट्याचा मुका त्यात नाही. नातवाला मी तो स्वतः करून दाखवला, जसा आठवला तसा.

फिटर गृहस्थ आता त्र्याण्णव वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, बोलणं ठणठणीत आहे. मंगळवारी दुपारी दोननंतर ते घरी असतात. आपल्या खात्यातलं कोणी आलं तर मी ओळख करून देईन. रेकॉर्डर आणावा, माझा बिघडला आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका