ओटीवाल्या मॅडम, तुमची पुट्टी माझ्याकडेच राहिली

मॅडम नमस्कार, नावाने तुम्हाला आठवणार नाही, दिवसाला इतके पेशंट येतात. मी भोसरीच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथला, डाव्या हाताची दोन बोटं, मंगळवार-शुक्रवारवाला. व्यायामाची चवळी बायकोने आमटीत टाकली म्हणून तुम्ही ज्याला हसला होतात तो.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पेपरवर ओटी लिहून दिलं आणि मी सरळ ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन बसलो, परत कापतात की काय म्हणून पोटात गोळा. तासाभराने वॉर्डबॉयने हाकललं तेव्हा कळलं की ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी पण असते, आणि ती मागच्या बिल्डिंगमध्ये आहे. तिथे तुम्ही. मला वाटलं आता विचारणार दुखतंय का, तर तुम्ही विचारलं "दादा, कामावर हात नक्की काय काय करतो ते सांगा." पाच महिन्यात हे दुसऱ्या कोणी विचारलं नाही. मी सांगत गेलो आणि तुम्ही लिहीत गेलात, पत्र्याची शीट किती किलोची, कुठल्या उंचीवरून उचलतो, चिमटीत धरतो की मुठीत, तासाला किती.

आणि मग माझा केसपेपर बघून थांबलात. त्यावर लिहिलं होतं घरी पत्रा लागला. ते कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने ॲडमिट करताना सांगितलं होतं आणि मी तेव्हा हाताला फडकं बांधून बसलेलो, काय बोलणार. शीट काढताना घसरली, कडेची धारदार बर सुती हातमोजा फाडून आत गेली, दोन्ही बोटांच्या नसा तुटल्या, हे सगळं कंपनीच्या शेडमध्ये झालं. तुम्ही म्हणालात, घरी लिहिलं तर ईएसआयकडून, म्हणजे कामगार विम्यातून, आजारपणाचे पगाराच्या 70 टक्के आणि तेही वर्षात 91 दिवस, कंपनीतला अपघात असेल तर टीडीबी, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे, 90 टक्के आणि हात बरा होईपर्यंत, शिवाय उद्या बोट पूर्ण वळलं नाही तर कायमचं अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर याच कागदावर सगळं अडतं. हे तुमचं काम नव्हतं हो. तरी चिठ्ठीवर फॉर्म 12, म्हणजे कंपनीने द्यायचा अपघाताचा रिपोर्ट, असं मोठ्या अक्षरात लिहून मला ईएसआयच्या शाखा कार्यालयात पाठवलंत. तीन चकरा झाल्या, कॉन्ट्रॅक्टर फोनवर काय काय बोलला ते इथे लिहीत नाही, पण रिपोर्ट गेला.

व्यायामाचं काय सांगू. मी नस नस म्हणायचो, तुम्ही म्हणायचात नस नाही, दोरी आहे, शिवलेली दोरी, आत्ता ओढाल तर तुटेल आणि नाही हलवलीत तर चिकटेल. हे एक वाक्य डोक्यात बसलं म्हणून सहा आठवडे स्प्लिंट काढली नाही, गावाकडून भाऊ आला होता तो म्हणत होता तेल लावून जोरात चोळ, मोकळं होईल, त्याचं ऐकलं असतं तर आज काय झालं असतं. स्प्लिंट निघाल्यावर बोटं हुकासारखी वाकवायची, मग मूठ, मग ती व्यायामाची मऊ निळी पुट्टी दाबायची. आणि तांदळाच्या डब्यात डोळे मिटून चवळी शोधायची, कारण बोटाच्या शेंड्याला काही कळतच नव्हतं. आमची पोरगी समोर बसून मोजायची, सातव्या दाण्याला मी खडा उचलला की ती टाळ्या वाजवायची.

पण खरे आभार त्या एका कागदाचे. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता फुल फिट असशील तर ये, अर्धा माणूस आम्ही घेत नाही. अर्धी शिफ्ट करावी म्हटलं तर ज्या दिवशी कामाला जाऊन पगार घेतला त्या दिवसाचा टीडीबी नाही, म्हणजे अर्ध्या पगारात घरभाडं कसं भागवायचं. तुम्ही डॉक्टरांशी बोलून कागद बनवलात, डाव्या हाताने 2 किलोच्या वर नाही, शीट हाताळायची नाही, ग्राइंडर आणि इम्पॅक्ट गन नाही, गेज लावून तपासणी आणि पॅकिंग चालेल, पूर्ण शिफ्ट चालेल पण दर दोन तासांनी पाच मिनिटं बोटं हलवायची, चार आठवड्यांनी परत दाखवायचं. सुपरवायझर वाचून म्हणाला, "हे बरंय. डॉक्टर लोक नुसतं लाईट ड्युटी लिहितात, आमच्याकडे लाईट म्हणजे ट्यूबलाईटच आहे." दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन टेबलवर स्टूल ठेवलं.

आणि एक, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रेसचा धप्प आवाज आठवला की रात्री हात आपोआप छातीशी यायचा. तुम्ही कसं ओळखलंत माहित नाही, म्हणालात रजेवर असतानाच एकदा जाऊन या, काम नाही, नुसता चहा पिऊन या. गेलो. मशीन बंद होतं तरी पाठ घामाने भिजली. पण पहिल्या ड्युटीच्या दिवशी तो घाम आला नाही.

आता आठ महिने झाले. शीट उचलायला मॅग्नेट आलाय आणि कापत नाहीत असले हातमोजे पण आलेत, उशिरा का होईना. थंडीत मधलं बोट आखडतं, गाडीचा क्लच दाबताना कळतं, बाकी ठीक.

पुट्टी परत द्यायला एकदा आलो होतो, तुम्ही रजेवर होतात. मग मागच्या महिन्यात आमच्या लाईनवरच्या एका पोराचा अंगठा फाटला, पुट्टी त्याला दिली. त्याला तुमच्याकडेच पाठवलंय, मागच्या बिल्डिंगमध्ये जा म्हणून आधीच सांगितलं. त्याच्या पेपरवर कंपनीत अपघात असंच लिहिलंय, मी स्वतः उभं राहून लिहून घेतलं.