ती पदके नव्हेत, गाडीवानाच्या घोड्याचा साज

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या पितळी वस्तूंच्या संग्रहावरचा लेख आवडीने वाचला. पण दुसऱ्या छायाचित्राखाली ‘मराठा घोडदळातील पदके’ असे छापले आहे, ते पाहून राहवले नाही. त्या चारही चकत्या इंग्लंडच्या आहेत. मी एकतीस वर्षे तिथल्याच वॉल्सॉल गावाजवळच्या एका पितळी ओतकामाच्या कारखान्यात काम केले. पर्यटकांसाठी अशाच चकत्यांच्या नकला आम्ही शेकड्यांनी ओतत होतो, म्हणून खात्रीने लिहितो.

चूक कशी झाली ते कळते. एकीवर सूर्य, दुसरीवर चंद्रकोर. आपल्याला सूर्य-चंद्र दिसले की वीरगळ आणि ताम्रपट आठवतात. पण तिसरीवर गव्हाची पेंढी आहे आणि चौथीवर पिंप. पिंप हे बिअरच्या कारखान्यांचे चिन्ह, त्यांचे घोडे पिंपांनी लादलेले गाडे ओढत.

तिकडे याला ‘हॉर्स ब्रास’ म्हणतात. साधारण १८५० नंतर त्यांची चलती झाली, ती पहिल्या महायुद्धापर्यंत. मग मोटारी आल्या. साडेतीन इंचांच्या आतबाहेरची ही चकती कपाळावर किंवा छातीवरून खाली जाणाऱ्या कातडी पट्ट्यावर एकाखाली एक लटकवत. लढाईशी तिचा काही संबंध नाही. कोळसा, मालधक्क्यावरची खोकी, नांगर ओढणाऱ्या घोड्यांचा हा दागिना. कातडी साज मालकाचा असे, पितळ मात्र गाडीवान बऱ्याचदा पदरच्या पैशाने घेई आणि स्वतः घासून लखलखीत ठेवी. गाडीवानांनी जनावर नीट राखावे म्हणून १८८५ मध्ये लंडनला गाडीच्या घोड्यांच्या संचलनाची संस्था निघाली. पुढे रिजंट्स पार्कात सजवलेले घोडे घेऊन ही माणसे मिरवत. व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ आणि १८९७ च्या महोत्सवांच्या चकत्याही निघाल्या. दृष्ट लागू नये म्हणून त्या बांधत असे सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

संग्राहकांनी चकती आधी उलटी करून पाहावी. वाळूच्या साच्यात ओतलेल्या जुन्या मालाला मागे दोन बारीक खुंट्या ठेवत, शेगड्यात (घट्ट पकडीत) धरून कानस मारता यावी म्हणून. काम झाले की त्या कापून टाकत, पण बोट फिरवले तर जागा लागते. पत्र्यातून ठोकून काढलेल्या चकत्या पातळ आणि हलक्या, त्या नंतरच्या. वर पट्टा ओवायची खाच आणि खाली कातड्यावर आपटणारी कड, दोन्ही घासून गुळगुळीत झालेली हवी. आमच्या नकलांना ती झीज नसे. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मुकादमाने एकदा खिशातून आपल्या आजोबांची चकती काढून माझ्या हातावर ठेवली होती. वरची खाच झिजून कागदासारखी झाली होती. तो म्हणाला, एवढे पितळ घोड्याच्या चालीने खाल्ले.

ती हातात असताना मला वडिलांच्या बैलांच्या शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्या आठवल्या. आमचे गाव सिन्नर तालुक्यातले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आई चिंच आणि राख घेऊन शेंब्या आणि घुंगरमाळा घासायला बसे, आणि वडील तिच्या हातून घेऊन पुन्हा घासत. त्या चकत्यांचे नाते लागते ते या शेंब्यांशी, दोन्ही राबत्या जनावराचाच दागिना. घरी ट्रॅक्टर आला त्या वर्षी त्या शेंब्या वजनावर मोडीत गेल्या. मी परदेशात होतो, मला पत्राने कळले. वॉल्सॉलच्या गाडीवानाचे पितळ तिकडे संग्रहात जपले जाते, त्यावर पुस्तके निघतात. आमच्या शेंब्यांचा एक फोटोही माझ्याकडे नाही.

छायाचित्राखालची ओळ कृपया दुरुस्त करावी. पोळ्याच्या पुरवणीत जागा असेल तर वाचकांकडून जुन्या शेंब्या, घुंगरमाळांची छायाचित्रे मागवावीत, गावाच्या आणि बैलांच्या नावांसह. आमच्या जोडीची नावे राजा आणि पाखऱ्या होती.

– एक निवृत्त ओतकामगार, नाशिक