अंगठ्यांची ग्रामसभा

संपादक महोदय,

मे महिन्यात एका रात्री पावणेअकराला आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : ‘वित्त आयोगाचा बंधित निधी खालच्या आळीच्या गटाराला घेतोय. मंजूर असेल त्यांनी अंगठा टाकावा.’ (बंधित म्हणजे ठरावीक कामांवरच खर्च करायचा.) सकाळपर्यंत 43 अंगठे. त्यातले निम्मे पुण्या-मुंबईतले. त्यांची नावे इथल्या मतदारयादीत उरलीत की नाही, देव जाणे. गटार जाणार माझ्या चुलतीच्या दारातून. तिच्याकडे बटणांचा फोन. तिला कळले ते जेसीबी दारात आल्यावर.

ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. त्यात ग्रामसभा आहे, अंगठ्याचे चित्र नाही. सभेची नोटीस सात दिवस आधी काढायची, दवंडी द्यायची, आणि 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी तेवढे तरी हजर हवेत. तेवढे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, ही पळवाट जुनीच. पण तिथेही इतिवृत्त लिहावे लागते, कुणी उठून ‘हे आम्हाला मान्य नाही’ म्हणाले तर चार माणसे ऐकतात. हजेरीवहीत अंगठा उठवायलाही म्हाताऱ्यांना चावडीपर्यंत यावे लागे. ग्रुपवर मी कसे विचारणार? ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.’ ॲडमिन सरपंचांचा पुतण्या.

मी मोबाइलच्या विरोधात नाही, उलट बाजूनेच आहे. 24 एप्रिल 2020 ला केंद्राने ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू केले. त्यावर गावाचा आराखडा आणि खर्च कुणालाही पाहता येतो. बारावीतल्या माझ्या मुलीने चहा होईपर्यंत शोधून दाखवले, की शाळेच्या नळाचे काम तिथे पूर्ण झाले आहे. शाळेत पोरे अजून घरून बाटल्या नेतात. एवढ्या माहितीसाठी पूर्वी माहिती अधिकारात अर्ज टाकून 30 दिवस वाट पाहावी लागे. ते पान कुणी ग्रुपवर टाकत नाही. वाढदिवसाचे फलक मात्र रोज पडतात.

ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) एवढेच सांगणे आहे : नोटीस ग्रुपवर टाका, जरूर टाका, पण दवंडी बंद करू नका. पोर्टलवरचे खर्चाचे पान छापून फलकावर लावा. आणि मंजुरी घ्यायची ती चावडीवर, माणसांसमोर, महिलांची सभा आधी घेऊन.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला चुलती येणार आहे. आज 11 तारीख. अजून ना दवंडी, ना विषयपत्रिका.

– एक ग्रामस्थ, जि. सातारा