बांध सरकवून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

माझ्या लॅपटॉपच्या डिस्कची वाटणी तुम्ही नीट करून दिलीत, पण पैसे घेतले नाहीत आणि आभार मानायला लागले तर 'ते राहू दे, चहा टाक' म्हणालात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय, म्हणजे विषय बदलायची सोय नाही.

दिवाळी अंकाची पानं लावायला घेतली आणि लॅपटॉपचा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असतं तो हिस्सा, लालभडक. फाइल सेव्ह करायची म्हटली तरी जागा नाही. लॅपटॉप घेताना दुकानदारानं ५१२ जीबीच्या एसएसडीचे, म्हणजे आतल्या डिस्कचे, दोन हिस्से करून दिले होते : सी १०० जीबीचा आणि उरलेला सगळा डी, ३७५च्या आसपास. (कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४नं, म्हणून ५१२चे ४७६ दिसतात, हे तुम्ही सांगितलंत. तीन वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत होते.) डी जवळजवळ रिकामा, सी तुडुंब. मीच विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून डीमधून १५० जीबी कापून काढले. रिकाम्या जागेची काळी पट्टी दिसली, पण सीवर उजवी क्लिक केली तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' (हिस्सा वाढवा) फिकटच, दाबता येईना. त्या रात्री मी कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर टाकून एकेक बटण दाबत बसणार होते. लिफ्टमध्ये तुम्ही भेटलात, म्हणून वाचले.

तुम्ही स्क्रीनकडे बघितलंत आणि म्हणालात, "अगं, ही वाटणी शेतासारखीच. लागून रान असेल तरच बांध सरकतो. तू डीच्या पलीकडच्या टोकाला तुकडा पाडलास, त्याचा सीला काय उपयोग? आणि मधे ही आत्याची पट्टी बघ." आत्याची पट्टी म्हणजे सी आणि डीच्या मधला सहाएकशे एमबीचा रिकव्हरीचा हिस्सा. मी तो उडवायच्याच बेतात होते. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीला तोच लागतो, हे मला कुठं ठाऊक!

डी त्यातल्या फाइल्ससकट आहे तसा उजवीकडे ढकलता आला असता, पण सगळा डेटा उचलून पुन्हा मांडायला तासन्‌तास लागू शकतात आणि मधेच काही बिघडलं तर सगळंच गेलं. त्यापेक्षा डी बाहेर कॉपी करू आणि पुसून टाकू, असं तुम्ही ठरवलंत. कॉपी झाली तशी मी माउसकडे हात नेला, तर "थांब, उघडून दाखव." वेगवेगळ्या वर्षांच्या तीन फाइल्स बाहेरच्या डिस्कवरून उघडायला लावल्यात. एक निघाली २०१७ची लग्नपत्रिका, त्यात मुहूर्ताच्या वेळेत चूक. ती तशीच छापली गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. असो.

मग बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, ४८ आकड्यांची किल्ली. ती लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही, म्हणून लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूला माझ्याकडून लिहून घेतलीत, सहा-सहाचे आठ गट करून. डी काढला, सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअरला अडवणारा पहारा) बंद केलं आणि तुमच्या पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे डिस्कचे हिस्से हलवायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. आत्याची पट्टी धरून डिस्कच्या पार टोकाला नेली. मी श्वास रोखून बसले होते, तर तुम्ही हसलात : "अजून काहीच झालं नाही. हिरवी बरोबरची खूण दाबेपर्यंत सगळं कागदावरच आहे." आणि ती खूण तुम्ही मला दाबायला लावलीत. दोन मिनिटांचं काम, पण हात थरथरला.

पुन्हा चालू केला तर निळा पडदा, किल्ली द्या म्हणून! तुम्ही चष्मा कपाळावर सारून लाइटबिल वाचत होतात, मी आकडे दाबत होते. पाचव्या गटात माझा ३ तुम्हाला ८ वाटला. तेवढं सोडलं तर विंडोज नीट उघडलं, आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' काळ्या ठसठशीत अक्षरात! सी २५०चा झाला, उरलेल्या २२५मध्ये नवा डी. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलंत, रिकव्हरी जाग्यावर आहे का तेही एका कमांडनं बघितलंत.

निघताना दारात उभं राहून सांगितलेलंही केलं. डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' बदलून ते डीवर नेलं, अंकाची चित्रं तिकडेच ठेवली. बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसलेली नाही. एकाच एसएसडीचे दोन हिस्से म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्ही तीनदा बजावलंय.

अंक छापखान्यात गेला. लाइटबिल भरलं, पण टाकलेलं नाही, कपाटात आहे.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची डीटीपीवाली

ता. क. पेन ड्राइव्ह माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देते, चकल्या झाल्या की.