पावसाच्या पाण्याबद्दल सूचना, सगळ्यांनी वाचा

मंडळी, मिरगाच्या आधी गच्ची आणि पन्हळी साफ करून घ्या की, दरवर्षी पाऊस धरल्यावरच सगळ्यांची धावपळ सुरू होते.

ग्रुपवर पावसाचं पाणी साठवायच्या नियमाचा जो मेसेज फिरतोय तो बेंगळूरचा आहे, तिथं २००९ पासून ६०×४० फूट किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या जुन्या घरांना आणि ३०×४० फूट किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या घरांना पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं केलं होतं, तो आपल्या बेळगावला तसाच लावून भांडत बसू नका. नवं घर बांधणाऱ्यांनी किंवा मजला चढवणाऱ्यांनी प्लॅन पास करताना महापालिकेत विचारून घ्या, खेड्यातल्यांनी पंचायतीत, कागद कन्नडात असला तर नीट वाचून घ्या मगच सही.

हिशोब सोपा आहे, हजार स्क्वेअर फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९०० लिटरच्या आसपास पाणी, वाया गेलेलं धरूनही दोन-तीन बॅरल सहज भरतात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, कौलावरची शेवाळ, कावळ्यांची घाण सगळी त्यात येते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी पाहिजेच, नाहीतर डासांची पैदास.

आणि गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असेल तर आत्ताच काढा, चेंबर तुंबून घाण गल्लीत येते ती याच्यामुळंच!