रेशनचे खराब धान्य परत घेण्याची सोय करा : अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : रास्तभाव दुकानातून मिळालेले खराब धान्य परत करून बदलून मिळण्याची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

ग्राहकाचे संरक्षण आणि रेशनचा पुरवठा या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच खात्यात, आपल्या एकाच टेबलावर आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेली सदोष वस्तू परत घेऊन तिची किंमत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. मॉलमधून आणलेल्या रव्याच्या पाकिटात अळ्या निघाल्या तर गिऱ्हाईक ते पाकीट आणि पावती घेऊन काउंटरवर उभे राहते आणि बहुतेक वेळा फारशी वादावादी न होता पाकीट बदलून मिळते. रेशनच्या गव्हात सोंडे निघाले तर मात्र शिधापत्रिकाधारकाने ते कुठे न्यायचे, कोणाला दाखवायचे आणि त्या बदल्यात काय मागायचे, याचे उत्तर आमच्या भागात मला आजवर कोणी देऊ शकलेले नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या वस्तीतील बायकांना कार्डात नाव चढवणे, कमी करणे, केवायसी, तक्रार असे अर्ज लिहून देण्याचे काम गेली काही वर्षे आपसूक माझ्याकडे आले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या एका बाईंनी पाच माणसांच्या कार्डावर मिळालेला गहू अंगणात गोणपाटावर ओतला, तेव्हा मी तिथेच होते. वरचा थर बरा होता. हात आत घातल्यावर मुठीएवढी ढेकळे निघाली, दाणे एकमेकांना जाळ्याने चिकटलेले आणि आतून कुबट वास येणारे. त्यांनी ढेकळे फोडली, चाळले, सुपात घेऊन पाखडले, तर सुपाच्या टोकाशी पीठ आणि किडे यांचाच ढीग झाला. उरलेला गहू दोन दिवस उन्हात घालून दळायला नेला, तेव्हा गिरणीवाल्याने आधी नाक मुरडले आणि मग तो सगळ्यांच्या शेवटी दळून दिला, कारण त्याच्या मागे येणाऱ्या दळणाला वास लागला असता.

आपण म्हणाल, दुकानातच बघून घ्यायला हवे होते. इथेच खरी अडचण आहे. रेशन दुकानात आधी मशीनवर अंगठा लागतो आणि मग धान्य मापले जाते. सर्व्हर चालू असेल तेव्हा अंगठा उरकून घ्यायचा आणि गर्दी ओसरल्यावर पिशवी भरून न्यायची, अशीही पद्धत आहे. अंगठा लागला की त्या कार्डाचे त्या महिन्याचे धान्य सरकारच्या हिशेबी पोचले. पावतीचा रोल असला तर पावती निघते, नसला तर निघत नाही, पण नोंद मात्र पक्की होते. नोंद होते ती किलोंची. तो गहू खाण्याजोगा होता की नव्हता, हे नोंदवण्याची जागा त्या मशीनच्या पडद्यावर माझ्या पाहण्यात तरी आलेली नाही.

त्या बाईंबरोबर मी दुकानात गेले होते. दुकानदाराने पिशवीत हात घालून पाहिले आणि गहू खराब असल्याचे लगेच मान्य केले. त्याचे म्हणणे असे : माझ्या खात्यावर जेवढे धान्य आले तेवढे मी अंगठे घेऊन वाटले, आता शिल्लक शून्य दिसते, तुम्हाला दुसरा गहू दिला तर कोणाचा तरी तेवढा कमी पडेल आणि उद्या तपासणीत तूट माझ्या नावावर लागेल. मला तो खोटे बोलत आहे असे वाटले नाही. रास्तभाव दुकानदाराचे मार्जिन क्विंटलमागे 150 रुपये होते, ते 2025 मध्ये 170 करण्याचा निर्णय झाला. म्हणजे पन्नास किलोच्या एका कट्ट्यामागे त्याला 85 रुपये सुटतात. कट्टा आतून भिजलेला निघाला तर त्याची भरपाई त्याने या 85 रुपयांतून करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. रेशन दुकानदार म्हटला की काळाबाजारवाला, असे समजण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती सवय लावण्यात काही दुकानदारांचा मोठा वाटा आहे. पण या एका बाबतीत दुकानदार आणि कार्डधारक दोघेही सारखेच अडकलेले आहेत.

धान्य वरून खाली येताना कसे तपासले जाते, ते पाहा. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून राज्याकडे माल देताना दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर संयुक्त नमुने घेतले जातात आणि ते सीलबंद करून ठेवले जातात. हे योग्यच आहे. पण तिथून माल तालुक्याच्या शासकीय गोदामात येतो, थप्पी लागते, मग द्वारपोच योजनेच्या ट्रकने तो दुकानात उतरतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत या प्रत्येक टप्प्यावर त्याला ओल लागण्याचा धोका असतो. गळके पत्रे, फाटकी ताडपत्री, जमिनीला टेकलेली खालची थप्पी यांतले काहीही पुरते. शेवटची तपासणी शेवटच्या माणसाच्या घरात, सुपात होते, आणि तिचा निकाल वर कळवण्याची वाट तेवढी नाही. दुकानात वाटपाच्या धान्याचा नमुना लोकांना दिसेल असा ठेवावा, ही अट जुनीच आहे. आमच्याकडच्या दुकानात नमुन्याची बरणी आहे. तिच्यातला गहू फार सुंदर आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 च्या उद्देशातच पुरेशा प्रमाणात आणि दर्जेदार अन्न असे म्हटले आहे. कलम 8 नुसार हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो, आणि 2015 च्या नियमांप्रमाणे त्याचा हिशेब किमान आधारभूत किमतीच्या सव्वा पटीवरून होतो. म्हणजे धान्य न देणे सरकारला महागात पडते. पण किडलेले धान्य दिले तर अंगठ्याच्या नोंदीमुळे ते दिलेच ठरते आणि भत्त्याचा प्रश्नच निर्माण होत नाही. ज्या कुटुंबाला पाखडून निम्मेशिम्मे उरले, त्याला कागदोपत्री पूर्ण मिळालेले असते. त्यातच 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. त्याआधी तांदळाला किलोमागे तीन आणि गव्हाला दोन रुपये मोजावे लागत. मोफत देण्याच्या निर्णयाचे मी स्वागतच करते, पण ग्राहक कायदा मोबदला देऊन वस्तू घेणाऱ्यालाच ग्राहक मानतो, त्यामुळे किंमत शून्यावर येताच रेशनवाला ग्राहकच नव्हे, असे म्हणायला वाव मिळाला. ‘धर्माची गाय, दात का नाय’ असे आमच्या तोंडावर ऐकवणारेही आहेत. सात कोटी लोकांना कायद्याने ठरवून दिलेली गोष्ट धर्मादाय नसते, हे निदान खात्यातल्या माणसांना तरी सांगावे लागू नये.

परत घेण्याची सोय नसल्यामुळे आणखी काय होते, हेही आपल्या कानावर घालते. गल्लीतून छोटा टेम्पो घेऊन रेशनचे धान्य विकत घेणारे फिरतात. खाण्याजोगे नसलेले धान्य लोक कोंबड्यांना घालतात किंवा येईल त्या भावाने या माणसाला देऊन टाकतात आणि त्या पैशात वाण्याकडून थोडे बरे धान्य आणतात. मग बातमी येते की लाभार्थीच रेशन विकतात, त्यांना गरज नाही, त्यांची कार्डे रद्द करा. चांगले धान्य विकणारेही आहेत, हे मी नाकारत नाही. पण जी बाई खराब गहू विकते, तिला तो परत करण्याची जागा असती तर तिने विकला नसता, एवढे मी माझ्या ओळखीच्या घरांबद्दल खात्रीने सांगू शकते.

पोषणयुक्त तांदळाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून तांदळाच्या पिठापासून बनवलेले दाणे साध्या तांदळात शंभर किलोस एक किलो या प्रमाणात मिसळलेले असतात. हे दाणे रंगाने थोडे वेगळे दिसतात आणि तांदूळ धुताना काही वर तरंगतात. आमच्या वस्तीत प्लास्टिकचा तांदूळ आल्याची हूल उठली आणि बायका ते दाणे एकेक वेचून फेकू लागल्या. ज्या रक्तक्षयासाठी सरकारने खर्च केला, त्याच रक्तक्षयाच्या बायका. तांदूळ परत घेणारी, म्हणजे परत घेताना तो हातात घेऊन पाहणारी आणि ‘हा खराब नाही, हे असे असे आहे’ असे सांगणारी अधिकृत व्यक्ती कुठे बसलेली असती, तर ही हूल दोन दिवसांत विरली असती. तक्रार ऐकून घेणारे कोणी नसले की अफवेवर विश्वास बसतो.

माझी मागणी मोठी नाही. मशीनमध्ये ‘बदली’ अशी एक नोंद असावी. वाटपाच्या दिवसापासून ठरावीक दिवसांत, समजा सात दिवसांत, कार्डधारकाने धान्य परत आणले तर दुकानदाराने ते मापून घ्यावे, पुन्हा अंगठा घ्यावा आणि तेवढे किलो दुकानाच्या खात्यावर ‘परत आलेले, अयोग्य’ म्हणून चढावेत. पुरवठा निरीक्षकाने येऊन नमुना पाहावा आणि पुढच्या ट्रकबरोबर तो माल गोदामात परत जाऊन तेवढाच चांगला माल दुकानाला मिळावा. तूट गोदामाच्या हिशेबात दिसावी, दुकानदाराच्या नव्हे. रोख पैसे कोणालाही देऊ नयेत. अमेरिकेत सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर घेतलेला किराणा परत केला तर रोख रक्कम हातात देता येत नाही, ती त्याच कार्डावर परत जमा होते. आपल्याकडे तर पैशाचा संबंधच नाही, धान्याच्या बदल्यात धान्य एवढाच व्यवहार आहे.

अधिकाऱ्यांची शंका मला ठाऊक आहे, कारण एका पुरवठा अधिकाऱ्यांनी ती माझ्याजवळ बोलून दाखवली : लोक घरातले जुने, कीड लागलेले धान्य आणून नवे मागतील. काही जण मागतीलही. परंतु कट्टा खराब असेल तर तो एकाच घरात जात नाही. पन्नास किलोंचा कट्टा दोन-तीन कार्डांत तरी वाटला जातो आणि एका थप्पीतले अनेक कट्टे एकाच दुकानात उतरतात. त्यामुळे एकाच दिवशी वाटलेल्या मालाबद्दल तीन-चार घरांतून नोंद आली तर दोष मालाचा आहे हे उघड होईल, आणि एकच माणूस दर महिन्याला परत करू लागला तर तेही मशीनलाच दिसेल. शिवाय दुकान उघडताना प्रत्येक खेपेतील मूठभर धान्य रेशनवाटपावर देखरेख करणाऱ्या दक्षता समितीच्या एका सदस्यासमोर पिशवीत घालून सही करून ठेवले, तर तुलना करायला पुरावा हाताशी राहील. बरणीतला कायमचा सुंदर गहू त्यासाठी उपयोगाचा नाही.

1967 हा मदत क्रमांक आहे आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग हे मार्गही आहेत, याची मला कल्पना आहे. मी स्वतः त्यासाठी अर्ज लिहिले आहेत. पण तक्रार आणि बदली या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीचा निकाल लागून एखाद्यावर कारवाई होईपर्यंत त्या घराचा महिना संपलेला असतो. त्या बाईंना दुकानदारावर कारवाई नको होती, त्यांना गहू हवा होता.

राज्यात पन्नास हजारांहून अधिक रास्तभाव दुकाने आहेत, त्यामुळे ही सोय एकदम सगळीकडे होणार नाही हे समजते. एखाद्या जास्त पावसाच्या जिल्ह्यात, कोकणात किंवा पूर्व विदर्भात, ती आधी करून पाहावी आणि जूनच्या आत मशीनमध्ये ही नोंद बसवून घ्यावी, म्हणजे भिजलेला पहिला कट्टा येईल तेव्हा तो परत घ्यायला दुकानदाराचे हात मोकळे असतील. आपल्या खात्याने असा प्रयोग घेतला तर आमच्या वस्तीतील कार्डधारकांच्या वतीने त्याच्या नोंदी ठेवून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व केशरी शिधापत्रिकाधारक