‘घरी बसूनच तर करायलीस’

मा. संपादक,

तुमच्या पेपरात तरुणांनी स्वतःचा धंदा सुरू करावा असं नेहमी छापून येतं, चांगलंच आहे, पण माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या बाईनं सुरू केला तर काय होतं ते पण एकदा छापा म्हणून लिहायलेय.

मी लातूरला एका दालमिलच्या ऑफिसात २२ वर्षं काम केलं. बिलं, बिल्ट्या, मोंढ्यातल्या आडत्यांचा हिशोब, १५ तारखेच्या आत पीएफ अन् ईएसआयचं चलन, हमालांच्या उचली, सीएकडं फायली नेऊन देणं, मालक गावाला गेले की बँकवाल्यांना तोंड देणं पण माझ्याकडंच. सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं तर दोन ओळींचं मिळालं, ‘क्लार्क म्हणून काम केले, वर्तणूक चांगली.’ झालं! २२ वर्षं दोन ओळींत बसली.

आता घरूनच चार-पाच दुकानांचं ऑफिसचं काम बघते, पूर्वी एकच मुनीम संध्याकाळी तीन दुकानांच्या वह्या लिहायचा ना, तसंच समजा, फक्त वहीच्या जागी लॅपटॉप. पण रेट सांगितला की समोरचा म्हणतो, ताई, हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर शिकलेली पोरगी सहा हजारात दिवसभर बसते, तुम्ही तर घरी बसूनच करायलात.

मागं एका पाइप-मोटारीच्या दुकानदाराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जुळेना. माल आला, पैसे गेले, पण जीएसटीच्या टू-बीमध्ये, म्हणजे माल देणाऱ्यांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांच्या यादीत, माल देणाऱ्या पार्टीची तीन बिलं दिसतच नव्हती, अन् २० तारखेला रिटर्न भरायचं, त्यांच्या पोरानं दोन दिवस एन्ट्र्या परत परत तपासल्या. मी गेले अन् पहिलं विचारलं, घरात दुसरी फर्म आहे का? होती, भावाची, नाव जवळजवळ सारखंच. पार्टीनं बिलं त्याच्या जीएसटी नंबरवर चढवली होती. पार्टीला फोन लावला, पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करायला सांगितली, सगळं मिळून वीस मिनिटं. तर दुकानदार म्हणाले, वीस मिनिटाचे काय पैसे लावता ताई, चहा घ्या.

दुसऱ्या फर्मचा प्रश्न मला सुचला कारण मिलमध्ये असताना अशाच घोळात मी स्वतः आठ दिवस रडत बसले होते. ते आठ दिवस कुठल्या बिलात लावायचे सांगा!

अन् खरं सांगते, यात चूक माझीपण आहे. पहिलं वर्ष मी दुकानामागं महिन्याला पाचशे रुपये घेतले, का तर ‘आपण काय सीए आहोत का’ असं मनात. नवरा म्हणला, एवढ्यात तर तुझा मोबाइल रिचार्ज अन् ऑटोचं भाडं पण निघत नाही. बरोबरच होतं त्याचं. आता तासावर घेत नाही, महिन्याचं काम आधी कागदावर लिहून देते, यात काय येतं काय नाही, अन् अडलेलं काम सोडवायचे पैसे वेगळे.

एकानं तर तुमचा जीएसटी नंबर नाही म्हणजे तुम्ही पक्क्या नाहीत म्हणून पैसे कापले. अहो, माझ्यासारख्या सर्विस देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असली तर तो नंबर घ्यावा लागत नाही, हे त्यांना मलाच समजवावं लागलं, तेही फुकटात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, मात्र आहे माझी, आधार-पॅनवर मोबाइलवरच केली, सरकार त्याला एक रुपया घेत नाही, तरी लोक एजंटाला हजार-पाचशे आनंदानं देतात, तिथं घासाघीस नाही.

नोकरी सोडलेल्या, घरी बसलेल्या अशा कितीतरी बायका अन् रिटायर माणसं आपल्या लातूर-नांदेडकडं आहेत. त्यांनी निदान पाचशेपासून तरी सुरू करू नये.

तो पाइपवाला परवा परत फोन करून म्हणाला, भावाच्या फर्मचं पण बघता का. मी आधी रेट सांगितला. दोन दिवस झाले, विचार करायलेत.

– एक वाचक, लातूर